अतिदक्षता विभागातील नैतिक वातावरण

अतिदक्षता विभागातील नैतिक वातावरण म्हणजे त्या विभागात काम करणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, तंत्रज्ञ व इतर कर्मचाऱ्यांना आपल्या विभागात नैतिक प्रश्न कसे हाताळले जातात याविषयी असलेली सामायिक जाणीव होय. एखादा उपचार चालू ठेवावा की थांबवावा, आजाराचे गांभीर्य नातेवाइकांना कोणी व केव्हा सांगावे, एखाद्या निर्णयाशी मतभेद असल्यास तो कोणासमोर मांडता येतो आणि मांडल्यावर त्याची दखल घेतली जाते का, या प्रश्नांना विभागात रोज मिळणाऱ्या उत्तरांतून हे वातावरण घडते. भिंतीवर लावलेली आचारसंहिता किंवा रुग्णालयाचे लेखी धोरण यांपेक्षा ते वेगळे असते. लेखी धोरण संस्थेचे असते, तर वातावरण ही कर्मचाऱ्यांची अनुभवातून बनलेली जाणीव असते.

ही संकल्पना संघटनशास्त्रातून परिचर्याशास्त्रात आणि तेथून अतिदक्षता वैद्यकात आली. युरोप व अमेरिकेत झालेल्या अनेक अभ्यासांत असे दिसले की, एकाच विभागात एकाच रुग्णाची काळजी घेणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना तेथील नैतिक वातावरण सारखे जाणवत नाही. परिचारिकांचे आकलन बहुधा अधिक प्रतिकूल असते. या तफावतीचा संबंध कर्मचाऱ्यांचा नैतिक क्लेश, नोकरी सोडण्याचा विचार आणि रुग्णांविषयीचे निर्णय वेळेवर होणे किंवा रखडणे यांच्याशी आढळतो.

संकल्पना

संघटनशास्त्रात ‘संस्कृती’ आणि ‘वातावरण’ या दोन संज्ञांत भेद केला जातो. संस्कृती म्हणजे संस्थेत खोलवर रुजलेली मूल्ये व गृहीतके. ती बहुधा उघडपणे बोलून दाखवली जात नाहीत. वातावरण म्हणजे संस्थेत काय चालते, कशाची प्रशंसा होते आणि कशाबद्दल बोलणी खावी लागतात याविषयी सदस्यांना असलेली जाणीव. वातावरण हे जाणिवेच्या पातळीवर असल्यामुळे प्रश्नावलीच्या साहाय्याने त्याचे मोजमाप करता येते.

बार्ट व्हिक्टर आणि जॉन कलन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्यस्थळाच्या नैतिक वातावरणाची उपपत्ती मांडली. त्यांनी निर्णयामागील नैतिक निकषांचे स्वहित, परहित आणि तत्त्वनिष्ठा असे तीन वर्ग केले. निर्णय घेणारी व्यक्ती कोणाचा संदर्भ घेते, यानुसार व्यक्ती, संस्था व व्यापक समाज असे तीन स्तर कल्पिले. यांच्या संयोगातून नैतिक वातावरणाचे नऊ सैद्धान्तिक प्रकार निर्माण होतात. प्रत्यक्ष पाहणीत त्यांपैकी काळजीप्रधान, नियमप्रधान, कायदा व व्यावसायिक संहिताप्रधान, स्वतंत्र विवेकप्रधान आणि साधनवादी असे पाच प्रकार ठळकपणे आढळले. साधनवादी वातावरणात संस्थेचा किंवा स्वतःचा लाभ हाच निर्णयाचा मुख्य आधार असतो.

ही उपपत्ती मुळात व्यापारी संस्थांसाठी होती. रुग्णालयाला ती जशीच्या तशी लागू करण्यात अडचण होती. रुग्णालयात निर्णय घेण्याचा अधिकार, निर्णय अमलात आणण्याची जबाबदारी आणि त्या निर्णयाचे परिणाम जवळून पाहण्याचा अनुभव ही तीन वेगवेगळ्या लोकांच्या वाट्याला येतात. अतिदक्षता विभागात हे विभाजन विशेष तीव्र असते.

पार्श्वभूमी

आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे झाला, असे मानले जाते. तेथे १९५२ साली पोलिओची मोठी साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत छिद्र करून त्यांना हाताने श्वास देण्याची पद्धत सुचवली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून हे काम केले. १९५३ साली इब्सेन यांनी गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. त्यानंतर यांत्रिक श्वसनयंत्रांचा प्रसार झाला आणि असे विभाग जगभर सुरू झाले.

या तंत्रज्ञानामुळे असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. त्याचबरोबर पूर्वी कधी न उद्भवलेला प्रश्नही समोर आला. बरे होण्याची शक्यता उरली नसतानाही रुग्णाचे श्वसन व रक्ताभिसरण दीर्घकाळ चालू ठेवता येऊ लागले. त्यामुळे मृत्यूची वेळ अनेकदा मानवी निर्णयावर अवलंबून राहू लागली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली कॅरन ॲन क्विनलन या तरुणीच्या खटल्यात श्वसनयंत्र काढण्याची मुभा दिली. रुग्णालयांनी अशा प्रश्नांचा विचार करण्यासाठी नैतिकता समित्या नेमाव्यात, या विचाराला या निकालाने चालना मिळाली. तथापि, समित्या स्थापन झाल्या तरी रुग्णाच्या खाटेजवळ काम करणाऱ्यांना त्यांच्यापर्यंत पोचता येते का, हा प्रश्न शिल्लक राहिला. नैतिक वातावरणाचा अभ्यास मुख्यतः या प्रश्नाशी निगडित आहे.

मोजमाप

परिचर्या क्षेत्रात या विषयाच्या अभ्यासाला लिंडा ऑल्सन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉस्पिटल एथिकल क्लायमेट सर्व्हे’ या प्रश्नावलीमुळे गती मिळाली. तिच्यात २६ विधाने असून प्रत्येक विधान आपल्या कामाच्या ठिकाणी किती वेळा खरे ठरते, हे परिचारिकेने पाच बिंदूंच्या श्रेणीवर नोंदवायचे असते. ही विधाने सहकारी, रुग्ण, वरिष्ठ, रुग्णालय आणि डॉक्टर या पाच संबंधांविषयी आहेत. प्रश्नावली सुटसुटीत असल्यामुळे तिचे अनेक भाषांत अनुवाद झाले. मात्र ती सर्वसाधारण रुग्णालयीन परिचर्येसाठी असल्याने, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांचा जो प्रश्न अतिदक्षता विभागात वारंवार उपस्थित होतो, त्याचा तिच्यात पुरेसा समावेश नव्हता.

ही उणीव भरून काढण्यासाठी बेल्जियममधील गेंट येथील बो व्हान डेन बुल्के, डोमिनिक बेन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातील निर्णयप्रक्रियेच्या वातावरणासाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. डॉक्टर व परिचारिका दोघांनाही तीच प्रश्नावली दिली जाते, हे तिचे वैशिष्ट्य आहे. तिच्यात पुढील सात घटक मोजले जातात:

१. डॉक्टरांचे आत्मपरीक्षण करणारे व इतरांना बळ देणारे नेतृत्व
२. वेगवेगळ्या व्यवसायांतील सहकाऱ्यांनी एकत्र बसून मोकळेपणाने विचार करण्याची पद्धत
३. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील निर्णय न टाळण्याची वृत्ती
४. परस्परांविषयी आदर
५. अखेरच्या टप्प्यातील काळजी व निर्णय यांत परिचारिकांचा सक्रिय सहभाग
६. डॉक्टरांकडून प्रत्यक्ष निर्णय घेतले जाणे
७. नैतिक प्रश्नांची जाणीव

यांतील तिसरा व सहावा घटक लक्षणीय आहेत. निर्णय चुकीचा घेणे हा जसा नैतिक दोष मानला जातो, तसाच निर्णय न घेता दिवस पुढे ढकलत राहणे हाही दोष ठरू शकतो, हे गृहीत त्यांमागे आहे.

डॉक्टर व परिचारिका यांच्या जाणिवांतील तफावत

फ्रान्समधील १३३ अतिदक्षता विभागांत एदुआर फेरांद व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील निर्णय घेण्याची आपल्या विभागातील पद्धत समाधानकारक आहे, असे ७३ टक्के डॉक्टरांनी सांगितले. परिचर्या कर्मचाऱ्यांत हे प्रमाण केवळ ३३ टक्के होते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ॲन हॅमरिक व लेस्ली ब्लॅकहॉल यांनी दोन रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांत १९६ परिचारिका व २९ वरिष्ठ डॉक्टरांची पाहणी केली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. डॉक्टरांच्या तुलनेत परिचारिकांना अधिक नैतिक क्लेश होत होता, परस्पर सहकार्य कमी वाटत होते, नैतिक वातावरण अधिक प्रतिकूल जाणवत होते आणि मरणासन्न रुग्णांच्या काळजीच्या दर्जाबद्दल त्या कमी समाधानी होत्या.

यावरून डॉक्टरांची नैतिक संवेदनशीलता कमी असते, असा निष्कर्ष निघत नाही. रूथ पीअर्स व सहकाऱ्यांनी ११ मे २०१० या एकाच दिवशी युरोपातील नऊ देश व इस्रायल येथील ८२ अतिदक्षता विभागांत पाहणी केली. त्या दिवशी आपण काळजी घेत असलेल्या किमान एका रुग्णाला अयोग्य प्रकारची काळजी मिळत आहे, असे २७ टक्के कर्मचाऱ्यांना वाटले. परिचारिकांत हे प्रमाण २५ टक्के, तर डॉक्टरांत ३२ टक्के होते. काळजी अयोग्य वाटण्याचे सर्वांत वारंवार सांगितलेले कारण म्हणजे उपचार व रुग्णाची अपेक्षित प्रगती यांतील विसंगती. ही विसंगती बहुतेकांच्या मते उपचार अपुरे असण्याची नव्हती. उपचार गरजेपेक्षा जास्त होत असल्याचे त्यांना वाटत होते. निर्णयात परिचारिका व डॉक्टर दोघांचा सहभाग, चांगले परस्पर सहकार्य, कामात स्वायत्तता आणि कामाचा कमी ताण असलेल्या ठिकाणी अयोग्यतेची जाणीव कमी आढळली. म्हणजे अस्वस्थता दोन्ही गटांत असते. तफावत पडते ती मुख्यतः ती अस्वस्थता बोलून दाखवण्याची आणि तिच्यावरून काही घडवून आणण्याची संधी कोणाला किती मिळते, या बाबतीत.

तफावतीची कारणे

सहवासाचा कालावधी. श्वसनयंत्रावरील रुग्णाजवळ परिचारिका पूर्ण पाळीभर असते. कूस बदलणे, श्वासनलिकेतील स्राव ओढून काढणे, जखमेची पट्टी बदलणे यांसारखी कामे तिला ठरावीक अंतराने करावी लागतात. या प्रत्येक वेळी रुग्णाच्या चेहऱ्यावर उमटणारी वेदना ती पाहते. डॉक्टरांचा एका रुग्णाशी येणारा संपर्क तुलनेने थोडा असतो व तो तपासण्यांचे निष्कर्ष, यंत्रांवरील आकडे आणि उपचारांचे पर्याय यांभोवती फिरतो.

जबाबदारीचे स्वरूप. उपचार थांबवण्याच्या निर्णयाचे कायदेशीर व व्यावसायिक उत्तरदायित्व डॉक्टरांवर असते. निर्णय चुकला तर तो परत फिरवता येत नाही, याची जाणीव त्यांना असते. परिचारिकेवर निर्णयाचे उत्तरदायित्व नसते, परंतु त्याची अंमलबजावणी तिच्या हातून होते. त्यामुळे डॉक्टरांना वाट पाहणे सावधगिरीचे वाटते, तर परिचारिकेला तीच दिरंगाई वाटू शकते.

माहितीचा मार्ग. वरिष्ठ डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीत निर्णय होतात, परंतु त्यामागील कारणे केस पेपरवर नेहमीच लिहिली जात नाहीत. रात्रपाळीच्या परिचारिकेला केवळ आदेश दिसतो. नातेवाईक मात्र अनेकदा रात्री तिलाच प्रश्न विचारतात.

श्रेणीव्यवस्था. वरिष्ठांच्या निर्णयाबाबत शंका घेणे हा उद्धटपणा मानला जात असेल, तर कनिष्ठ डॉक्टर व परिचारिका दोघेही गप्प राहतात. निवासी डॉक्टरांची स्थिती यात विशेष अडचणीची असते, कारण शिक्षण, मूल्यमापन व नोकरी ही तिन्ही एकाच वरिष्ठावर अवलंबून असू शकतात.

नैतिक क्लेश

‘नैतिक क्लेश’ ही संज्ञा अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली परिचर्येतील नैतिक प्रश्नांवरील आपल्या ग्रंथात मांडली. योग्य काय आहे हे व्यक्तीला ठाऊक असते, परंतु संस्थात्मक अडथळ्यांमुळे तसे वागणे तिला जवळजवळ अशक्य होते, तेव्हा होणारी यातना म्हणजे नैतिक क्लेश. नैतिक पेचापासून तो वेगळा आहे. पेचात दोन पर्यायांपैकी योग्य कोणता हेच स्पष्ट नसते. क्लेशात व्यक्तीच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट असते, केवळ मार्ग बंद असतो. १९९० च्या दशकापासून मेरी कॉर्ली यांनी व नंतर हॅमरिक व सहकाऱ्यांनी त्याच्या मोजमापाच्या श्रेणी विकसित केल्या.

एलिझाबेथ एपस्टाइन व हॅमरिक यांनी २००९ साली असे प्रतिपादन केले की, प्रसंग संपला तरी क्लेश पूर्णपणे ओसरत नाही. त्याचा काही अंश मागे उरतो आणि पुढच्या प्रसंगी त्यावर नवा थर चढतो. त्यामुळे दीर्घ अनुभव असलेल्या कर्मचाऱ्याची प्रतिक्रिया एखाद्या किरकोळ वाटणाऱ्या घटनेवरही तीव्र असू शकते. काही जण हळूहळू अलिप्त होतात, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलणे टाळतात किंवा काम यांत्रिकपणे उरकू लागतात. बाहेरून ही बेपर्वाई वाटते. या उपपत्तीनुसार मात्र ती स्वसंरक्षणाची रीतही असू शकते.

नैतिक वातावरण आणि नैतिक क्लेश यांचे नाते व्यस्त स्वरूपाचे आढळते. वातावरण जितके चांगले जाणवते, तितका क्लेश सामान्यतः कमी असतो. मृत्यू व वेदना यांचा सामना टाळता न येणाऱ्या विभागातही चर्चेची वाट मोकळी असेल, तर क्लेश कमी राहतो, असे यातून सूचित होते.

संघर्ष

एली अझुले व सहकाऱ्यांनी २४ देशांतील ३२३ अतिदक्षता विभागांत केलेली पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ७,४९८ कर्मचारी सहभागी झाले. त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनी आपल्या विभागात संघर्ष जाणवल्याचे नोंदवले. सर्वाधिक संघर्ष परिचारिका व डॉक्टर यांच्यात होते व त्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. वैयक्तिक वैमनस्य, अविश्वास आणि संवादाचा अभाव ही संघर्षांची वारंवार आढळलेली कारणे होती. अखेरच्या टप्प्यातील काळजीच्या संदर्भात भावनिक आधाराचा अभाव, सामूहिक बैठका न होणे आणि निर्णयप्रक्रियेतील त्रुटी ही कारणे पुढे आली.

रुग्ण व मनुष्यबळावरील परिणाम

नैतिक वातावरण हा केवळ कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा विषय आहे का, याचा शोध बेन्वा व सहकाऱ्यांनी युरोपीय देश व अमेरिका येथील ६८ अतिदक्षता विभागांत घेतला. वर उल्लेखिलेल्या प्रश्नावलीच्या आधारे विभागांचे चार गट करण्यात आले: चांगले वातावरण, अखेरच्या टप्प्यातील निर्णयांत परिचारिकांचा सहभाग असलेले मध्यम वातावरण, असा सहभाग नसलेले मध्यम वातावरण आणि प्रतिकूल वातावरण. कोणत्या रुग्णाला अवाजवी उपचार मिळत आहेत असे वाटते, हे डॉक्टर व परिचारिका दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवले. अशा रुग्णांबाबत उपचारांना मर्यादा घालण्याचा लेखी निर्णय होण्याची शक्यता चांगल्या वातावरणाच्या विभागांत अधिक होती.

मध्यम वातावरणाचे दोन गट केवळ परिचारिकांच्या सहभागाच्या निकषावर वेगळे पडले, ही बाबही महत्त्वाची मानली जाते. सर्वसाधारण वातावरण बेताचे असूनही परिचारिकांना निर्णयात स्थान असू शकते आणि तसे स्थान असणे हा स्वतंत्र गुण आहे, असे त्यातून दिसते.

याच ६८ विभागांतील माहितीवर आधारित पुढील अभ्यासात नैतिक वातावरण आणि नोकरी सोडण्याचा विचार यांचा संबंध तपासण्यात आला. वातावरण चांगले जाणवणाऱ्या विभागांत नोकरी सोडण्याचा विचार कमी होता. अतिदक्षता परिचारिका प्रशिक्षित होण्यास दीर्घ काळ लागतो. अनुभवी कर्मचारी निघून गेल्यास उरलेल्यांवरील भार वाढतो, चर्चेला वेळ उरत नाही आणि वातावरण आणखी बिघडते.

कोविड-१९ महासाथीचा काळ

महासाथीच्या काळात नेहमीचा प्रश्न उलटा झाला. अवाजवी उपचारांऐवजी अपुऱ्या साधनांचे वाटप हा मुख्य विषय बनला. इटलीतील भूल व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेने मार्च २०२० मध्ये, साधने अपुरी पडल्यास कोणाला प्राधान्य द्यावे याविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. हा निर्णय एकट्या डॉक्टरवर पडू नये, हा अशा शिफारशींमागील एक हेतू होता. अनेक देशांत नातेवाइकांना भेटण्यास बंदी होती. रुग्णाचा अखेरचा निरोप मोबाइलच्या पडद्यावरून घडवण्याचे काम बहुतांशी परिचारिकांनी केले. या काळात युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात वापरली जाणारी ‘नैतिक आघात’ ही संज्ञा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीही मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली.

भारतातील स्थिती

युरोपीय अभ्यासांतील निष्कर्ष भारताला सरळ लागू करता येत नाहीत, कारण येथे निर्णयावर प्रभाव टाकणारे घटक काही अंशी भिन्न आहेत. खासगी रुग्णालयात उपचारांचा खर्च बहुधा कुटुंबालाच सोसावा लागतो. त्यामुळे उपचार थांबवण्याचा निर्णय वैद्यकीय कारणाने झाला की पैसे संपल्यामुळे, ही सीमारेषा पुसट होते. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाला ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ घरी नेत असल्याचे लिहून घेऊन सोडण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. कागदोपत्री निर्णय कुटुंबाचा ठरतो. प्रत्यक्षात मात्र रुग्ण वेदनाशमनाच्या सोयीविना घरी जातो. अशा रुग्णाच्या श्वासनलिकेतील नळी काढण्याचे किंवा हातपंपाने श्वास देत त्याला रुग्णवाहिकेपर्यंत नेण्याचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी हा प्रसंग क्लेशकारक असतो.

इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थेने २००५ साली जीव लांबवणारे उपचार मर्यादित करण्याविषयी व उपशामक काळजीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०१२ साली त्यांत सुधारणा केली. तथापि, कायद्याची स्थिती अस्पष्ट असल्याने त्यांचा वापर मर्यादित राहिला.

या विषयाच्या कायदेशीर इतिहासात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर त्या चार दशकांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्या श्वसनयंत्रावर नव्हत्या, परंतु त्यांचे अन्न व पोषण संपूर्णपणे परिचारिकांवर अवलंबून होते. लेखिका पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. न्यायालयाने काही अटींवर निष्क्रिय दयामरण मान्य केले, परंतु शानबाग यांच्याबाबतची याचिका फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले, आणि कर्मचाऱ्यांना त्या जगाव्यात असे वाटत होते. शानबाग यांचे १८ मे २०१५ रोजी निधन झाले. परिचारिकांचा कल नेहमी उपचार थांबवण्याकडेच असतो, या समजुतीला हे प्रकरण छेद देते. शुश्रूषा करणाऱ्यांचे मत निर्णायक मानले गेल्याचे ते एक ठळक उदाहरण आहे.

‘कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले व पूर्वनिर्देशांना मान्यता दिली. त्यासाठी घालून दिलेली पद्धत किचकट ठरल्याने २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ करण्यात आली. आता रुग्णालयाचे प्राथमिक व द्वितीय वैद्यकीय मंडळ असा निर्णय घेते आणि प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. दोन्ही मंडळे केवळ डॉक्टरांची असतात. परिचारिकेचे मत घेण्याची तरतूद त्यांत नाही.

हिंसाचाराची भीती हा आणखी एक घटक आहे. रुग्णाच्या मृत्यूनंतर कर्मचाऱ्यांवर हल्ले होण्याच्या घटनांमुळे महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा अधिनियम २०१० मध्ये लागू झाला. जमावाची धास्ती असलेल्या ठिकाणी नातेवाइकांशी स्पष्ट बोलणे लांबणीवर पडण्याची व ‘सर्व काही केले’ असे दाखवण्यासाठी उपचार चालू ठेवण्याची शक्यता वाढते.

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत परिचर्या सेवेची अधिसेविका, परिसेविका व अधिपरिचारिका अशी उतरंड असते. खाटेजवळील परिचारिकेची शंका डॉक्टरांपर्यंत पोचवण्याचे काम प्रायः परिसेविकेकडे येते. त्यामुळे विभागाचे वातावरण घडवण्यात या मधल्या पदाला विशेष महत्त्व असते.

सुधारणेचे उपाय

अमेरिकेतील अतिदक्षता परिचारिकांच्या संघटनेने २००५ साली निरोगी कार्यस्थळाचे सहा निकष प्रसिद्ध केले. कुशल संवाद, खरे सहकार्य, परिणामकारक निर्णयप्रक्रिया, पुरेसे मनुष्यबळ, कामाची अर्थपूर्ण दखल आणि सच्चे नेतृत्व हे ते निकष होत. अमेरिका व युरोपातील पाच व्यावसायिक संस्थांनी २०१५ साली संयुक्त निवेदन काढून ‘निरर्थक उपचार’ या शब्दाचा वापर अगदी मोजक्या प्रसंगांपुरता मर्यादित ठेवावा व इतर वादग्रस्त प्रसंगी ‘संभाव्यतः अनुचित उपचार’ असे म्हणावे, अशी शिफारस केली. असा वाद एका व्यक्तीच्या मतावर न सोडता ठरलेल्या न्याय्य प्रक्रियेने सोडवावा, हा त्यामागील विचार आहे.

फ्रान्समधील दिजाँ येथे जाँ-पिएर केनो व सहकाऱ्यांनी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील काळजीविषयी विभागातील संवाद जाणीवपूर्वक वाढवला. त्यांच्या २०१२ सालच्या अहवालानुसार, कर्मचाऱ्यांतील तीव्र मानसिक थकव्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले. हा अभ्यास एकाच विभागातील व तुलना आधी-नंतरची असल्याने त्याचे निष्कर्ष सावधपणे पाहिले जातात.

याखेरीज पुढील उपाय वापरले जातात:

- डॉक्टरांच्या दैनंदिन फेरीत संबंधित परिचारिकेला आपले निरीक्षण प्रथम मांडण्यास सांगणे
- उपचारांचे उद्दिष्ट काय व त्याचा फेरविचार केव्हा करायचा, हे केस पेपरवर लिहिणे
- नातेवाइकांशी होणाऱ्या बैठकीस परिचारिकेने उपस्थित राहणे, जेणेकरून नंतर तीच माहिती त्याच शब्दांत देता येईल
- नेदरलँड्समध्ये रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे प्रशिक्षित संचालकाच्या साहाय्याने प्रत्यक्ष प्रसंगावर सामूहिक नैतिक चर्चा घेणे
- नैतिकता समितीकडे कोणत्याही श्रेणीच्या कर्मचाऱ्याला थेट जाता येईल, अशी तरतूद करणे
- रुग्णाच्या मृत्यूनंतर उपस्थित सर्वांनी क्षणभर मौन पाळणे

मर्यादा व टीका

या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास एका वेळची पाहणी या स्वरूपाचे आहेत. त्यामुळे प्रतिकूल वातावरणामुळे क्लेश होतो की क्लेश झालेल्या व्यक्तीला वातावरण प्रतिकूल वाटते, हे त्यांतून निश्चित सांगता येत नाही. सर्वाधिक त्रस्त कर्मचारी आधीच नोकरी सोडून गेलेले असू शकतात. त्यामुळे पाहणीतील चित्र प्रत्यक्षापेक्षा बरे दिसण्याची शक्यता असते.

नैतिक क्लेशाच्या मूळ व्याख्येवरही आक्षेप घेतला गेला आहे. ‘योग्य काय ते ठाऊक आहे’ असे व्यक्तीला वाटणे म्हणजे ते खरोखर योग्य असणे नव्हे. अवाजवी वाटलेल्या उपचारांतून काही रुग्ण बरेही होतात. म्हणूनच परिचारिकेचे मत अंतिम मानावे, असा या अभ्यासांचा आग्रह नाही. निर्णय होण्यापूर्वी ते ऐकले जावे आणि निर्णय वेगळा झाल्यास त्याचे कारण तिला समजावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

तिसरी मर्यादा सांस्कृतिक आहे. प्रचलित प्रश्नावल्या युरोप व अमेरिकेतील रुग्णालयांच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत. जेथे निर्णयात रुग्णापेक्षा कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे मत प्रभावी असते, उपचारांचा खर्च कुटुंब सोसते आणि वरिष्ठांसमोर न बोलणे हा शिष्टाचार मानला जातो, तेथे केवळ भाषांतरित प्रश्नावली पुरेशी ठरत नाही. मौनाचा अर्थ संमती आहे, आदर आहे की भीती, हे प्रश्नावलीतील अंकांवरून कळत नाही. यासाठी मुलाखती व प्रत्यक्ष निरीक्षण यांची जोड आवश्यक मानली जाते.